रुख्मिणीच्या ओळी

लढाई चालू होती तवा सरकारचा माणूस गावात येऊन सांगून गेला, कापूस कमी करा, जवारी पेरा, देशाले खायले पाह्यजे. पेरली बाप्पा. मंग स्वराज्य आलं, फाळणी झाली, अन् एकोणपन्नास साली दुसरा माणूस आला. तो म्हणे, जवारी राहू द्या, पऱ्हाटी वाढवा, देशाले कापूस पाह्यजे. मी आमच्या घरच्याइले म्हटलं, "या देशाले एकदा बसून ठरवा म्हणा, त्याले भूक लागली की थंडी वाजून राहिली!" ते हासले नाही. लोक त्याइले खुशालराव म्हणत. गावाले दाखवायचं नमुन्याचं वावर म्हणून शेतकी खात्यानं वलगावात आमचंच वावर निवडलं होतं, तवापासून त्याइचा फेटा दोन बोटं उंच झाला होता.

हा दुसरा माणूस म्हणजे वामनराव सायेब. शेतकी खात्यातले, अकोल्याहून आलेले. माणूस वाईट नव्हता, उगाच कायले खोटं बोलू? मारुतीच्या पारावर बसून त्याइनं सगळं उलगडून सांगितलं. "चांगल्या धाग्याचा कापूस पिकवणारा मुलूख सरहद्दीपलीकडे गेला. मुंबईच्या गिरण्या बंद पडायच्या बेतात आहेत. आता देशाची भिस्त वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर. ज्या मुलखाचं जे बळ, ते त्यानं देशाला द्यावं, आणि देशानं बदल्यात त्याला बाकीचं पुरवावं. तुम्ही कापूस द्या, गहू तुम्हाला पंजाबातून येईल."

आमी बाया पाराच्या मागं उभ्या होतो. मले गोठ पटली, खरंच पटली. आपला कापूस मुंबईले जाते हे माहीत होतं, पण त्याच्यावाचून कोणाचं अडते हे पहिल्यांदा कोणी आमाले सांगितलं. छाती भरून आली माही.

मंग सायेब म्हणाले, नमुन्याच्या वावरात नुसती पऱ्हाटी पाहिजे, मधल्या ओळी नकोत. अन् आमच्या घरच्याइनं तिथंच, कोणाले न इचारता, मान हलवली. माहं डोस्कंच फिरलं.

मधल्या ओळी म्हणजे बाईच्या ओळी. आमच्याकडं पऱ्हाटीत मधेमधे एक ओळ सोडतात, त्यात घरची बाई चवळीसारखी बरबटी, अंबाडी, तीळ, मूग, जे मनाले येईल ते लावते. त्यात पुरुष हात घालत नाही. जे निघंल ते बाईचं. आमच्या वावरातल्या ओळी मी कधीच रुख्मिणीले देऊन टाकल्या होत्या.

रुख्मिणी माही जाऊ, माह्या देराची, गोवर्धनची बायको. गोवर्धन पटकीच्या साथीत गेला. लेकरू नाही, माहेरी कोणी नाही, जमीन सगळी भासऱ्याच्या, म्हणजे आमच्या घरच्याइच्या, नावावर. तिचं म्हणावं असं या जगात काही होतं तर त्या ओळी. तीळ विकून स्वतःचं लुगडं घे, अंबाडीचा दोर वळून वीक, पण कोणापुढं हात पसरत नव्हती. हौसेनं जगत होती बाई.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "रुख्मिणीनं काय करावं आता?"

"तिले घरात काय कमी हाये? दोन टाइम खाते ना?"

"खायले तर बैलाइले बी भेटते!"

"सायेबाले शबद देल्ला मी."

"ओळी तिच्या अन् शबद तुमचा? वा रे वा!"

रुख्मिणी चुलीपाशी सगळं ऐकून राहिली होती. आमच्यात धाकटी सून भासऱ्यासंग बोलत नाही. समोर आला की पदर ओढून घेते, अन् काही सांगायचं असलं तर जावेच्या तोंडून सांगते. मी तिले म्हटलं, "बोल वं, काय सांगू त्याइले?"

"काही नका सांगू, बाई."

मले तिचाच राग आला. इतकं गरीब राहूनही चालत नाही माणसानं.

पेरणीच्या दिवशी जमिनीत ओल अशी होती की मूठ आवळली तर लाडू वळावा. पण मागच्या अंगानं आभाळ भरून येऊन राहिलं होतं. पाऊस कोसळला असता तर वावरात बैलाचा पाय टिकला नसता, अन् पेरणी आठ दिवस लांबली असती. सायेब सायकलवर येऊन वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उभे राहिले. सरकी शेणात घोळून, चोळून तयार होती. वखरामागं बांबूच्या नळ्या बांधतात, त्याइले सरते म्हणतात. एकेक बाई एकेक सरता धरून चालते अन् ओटीतली सरकी त्यात सोडत जाते. एका सरत्यावर मी, एकावर शेजारची पार्बताबाई, मधल्यावर रुख्मिणी. बैल आमच्या घरच्याइच्या हातात.

अर्ध वावर चालून गेलो तवा पार्बताबाई ओरडली, "अवं, मधली ओळ कोरडी चालली ना!"

पाहतो तर रुख्मिणीची मूठ बंद. चालत होती, सरता धरला होता, पण सरकी सोडत नव्हती. आमच्या घरच्याइनं बैल थांबवले अन् माह्यावर डोळे काढले. "इचार तिले, काय झालं?"

रुख्मिणीनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, भासऱ्याकडं पाठ केली अन् सायेबाकडं तोंड केलं. परका माणूस, त्याच्यासंग बोलायले बंदी नव्हती.

"सायेब, एक इचारते. वऱ्हाडानं कापूस देल्ला तर वऱ्हाडाले गहू भेटते म्हणता. मी माह्या ओळी देल्या. मले काय भेटते?"

सायेब कधी बैलाकडं पाहत, कधी बुटाकडं. "बाई, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे."

"घरातला असता तर घरात सुटला असता," मी म्हटलं.

"दान नको मले," रुख्मिणी म्हणाली. "बदल्यात पाह्यजे. तुमी पारावर सांगितलं ते मुलखाले लागू हाये, मंग बाईले नाही काय? जेवढ्या ओळी गेल्या तेवढी जमीन एका जागी द्या."

"मी काय आता वावर फाडू?" आमच्या घरच्याइनं हातातली बैल हाकायची पराणी जमिनीत खुपसली.

मी सरता सोडला अन् तिथंच मातीत बसली. पार्बताबाईले तर काय, निमित्तच पाह्यजे होतं. तिनं मांडी घालून तंबाखूची चंची काढली. आभाळ गरजून राहिलं, बैल शेपट्या हालवून राहिले, अन् आमी तिघी जागच्या हलत नव्हतो.

सायेब जवळ आले. हळूच म्हणाले, "खुशालराव, बाई चूक बोलत नाहीत. मी पारावर बोललो ते तोंडदेखलं नव्हतं."

आमच्या घरच्याइनं आभाळाकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. मी बी पाहिलं. मंग म्हणाले, "नाल्याकडचा पट्टा. बाभळीपासून धुऱ्यापर्यंत. तिचा."

"यंदापुरता?" मी इचारलं.

"तिचा म्हटलं ना!" असे ओरडले, अन् लगेच तोंड फिरवून बैलाचं जोतं सारखं करत बसले. भावाची आठवण झाली असंल.

मंग रुख्मिणीनं अशी सरकी सोडली की एक रोपटं इकडंतिकडं उगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याकडं गेली. म्हटलं, पाहावं काय काय लावून राहिली. तर बाई पट्टाभर सरकीच टोचून राहिली होती! एक दाणा बरबटीचा नाही, तिळाचा नाही.

"येडी झाली काय वं? याच्यासाठी भांडलो काय आपण?"

"बाई," ती हात न थांबवता म्हणाली, "देशाले आतापावतर भासऱ्याइनं देलं, अन् तेही माह्या ओळीतून. आता मी देते. मंग पाहू बदल्यात काय येते."

त्या साली घरात बरबटीची शेंग नव्हती, अंबाडीची भाजी दुसऱ्याच्या वावरातून मागून आणावी लागली, अन् दरवेळी मी सायेबाच्या नावानं बोटं मोडली. पंजाबातला गहू आला म्हणा. लाल होता, अर्धा किडका. निवडता निवडता मान मोडली, पण आला.

दिवाळीनंतर कापूस बैलबंडीत भरला. अर्ध्या बंडीत आमचा, मधे जुनं लुगडं आडवं लावून पलीकडं रुख्मिणीचा. ती म्हणाली, मी बी येते अमरावतीले. बाई माणूस कापसाच्या बाजारात? मी म्हटलं, चल, मी बी येते.

बाजारात अडत्याच्या माणसानं दोन्हीकडं हात घालून पाहिलं. "एकाच घरचा ना? मग एकच ढीग करा, कायले दोन?"

रुख्मिणी बंडीच्या दांडीले धरून उभी होती, पदर नाकापर्यंत.

"एक नाही, दोनच ढीग राहू द्या," आमच्या घरचे म्हणाले.

"मग हा दुसरा कोणाचा?"

त्याइनं सांगून टाकलं असतं तर कोणाले नवल वाटलं नसतं. आजपर्यंत तेच सांगत आले होते. पण ते ढिगापासून एक पाऊल मागं सरले.

"मले काय इचारता? ती उभी हाये ना, तिले इचारा."

तो माणूस गोंधळून तिच्याकडं वळला. अन् रुख्मिणीनं भर बाजारात, भासऱ्यादेखत, नाकावरचा पदर कपाळापर्यंत मागं सारला अन् आपलं नाव सांगितलं.