तुळजाबाईने घासलेली काच

मित्रांनो, उमापूरच्या दूध सोसायटीमागे गोवऱ्यांच्या ढिगावर एक काच टाकली आहे ना, ती मी.

दुष्काळात गावाला टँकरचं पाणी. उकळायला सरपण नाही. तेव्हा शहरातल्या काही लोकांनी सोसायटीच्या अंगणात मला तिरपी बसवली. माझ्या अंगावर पांढुरका थर होता, कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ. ऊन पडलं की त्यातला इलेक्ट्रॉन उठून निघायचा, मागे त्याची मोकळी जागा राहायची. दोघांना एकमेकांची भारी ओढ. पापणी लवायच्या आत बहुतेक परत जुळायचे आणि तेवढं ऊन वाया जायचं. पण थर पातळ, वाट जवळची; म्हणून काही त्याआधीच माझ्यावरून सोडलेल्या टँकरच्या पाण्याला भिडायचे आणि पाण्यातले जंतू मरायचे. त्या घाईवरच माझं काम चालायचं.

गावातली अंजना आपल्या रांगत्या लेकीसाठी माझंच पाणी न्यायची.

सोसायटीच्या किटल्या घासणारी तुळजाबाई माझी राखण करी. एका सकाळी ती राख नि काथ्या घेऊन आली. "बया, क्षार बसलाय लई! दुधाची किटली लख्ख ठेवते, मग पाण्याची काच कावून मळकट?" लेकराला न्हाऊ घालावं तसं तिनं मला घासलं. मग रोजच.

अध्यक्ष मोहनराव म्हणाले, "आरशावानी केली की! आता भांग पाडायला हितंच येतो."

"आदी केसं तर आणा," तुळजाबाई म्हणाली. सगळे हसले.

थर राखेबरोबर वाहून गेला होता. मी नुसती खिडकीची काच उरले. पाणी माझ्यावरून जसंच्या तसं खाली पडत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

अंजनाच्या लेकीला जुलाब लागले. तिला गेवराईच्या दवाखान्यात नेलं. अंजना परतली ती रिकाम्या कडेनं.

"मावशी, काचंचं पानी म्हून मी निर्धास्त व्हते," एवढंच ती तुळजाबाईला बोलली.

मला बसवणारे आले. माझ्यावर बोट फिरवून म्हणाले, "घासलीत होय? ही घासायची नसते."

"मग बसवताना कावून न्हाई सांगितलं?" तुळजाबाईनं विचारलं.

"एवढं समजायला पाहिजे," म्हणाले आणि गाडीत बसले.

गावानं दोष तुळजाबाईला दिला. तिचं काम गेलं, मी इथं आले.

मित्रांनो, वस्तू जपा, एवढं सांगून माझं भागत नाही. तुळजाबाईइतकं मला कुणीच जपलं नाही. कुणाच्या हाती काही सोपवाल, तर त्या वस्तूला काय सोसत नाही तेही सांगा. गाडी सुरू ठेवून नको. सांभाळणाऱ्याजवळ बसून सांगा.