श्वास घेणारे खण

लुदोविकाची जीभ रंध्याच्या पात्यापेक्षा धारदार आहे, असं कांतू गावात तिचा नवरा एर्मेसच सांगत फिरायचा. नव्या साइडबोर्डची, म्हणजे भिंतीलगतच्या बुटक्या कपाटाची, आखणी तिची, सुतारकाम त्याचं. अक्रोडाच्या लाकडाचे दोन खण, त्यांना शेवटी बसवायच्या नाजूक पितळी मुठी, आणि पाठीची फळी अशी घट्ट की वारासुद्धा शिरता कामा नये.

"भिंतीकडची पाठ बघणारंय कोण?" तो महिनाभर कुरकुरत होता.

"मी!"

आज खण बसले. लुदोविकाने वरचा खण एका बोटाने आत ढकलला, तसा खालचा आपोआप, अलगद बाहेर आला. आत कोंडलेली हवा त्याला ढकलत होती. तिने खालचा ढकलला; वरचा पुढे आला. झोपलेल्या बाळाची छाती हलावी तसं ते लाकूड हलत होतं. एर्मेसचं सारं आयुष्य सुतारकामात गेलं होतं, पण असं त्याच्या हातून कधी घडलं नव्हतं. दोघं आळीपाळीने खण ढकलत राहिली.

शेवटी त्याने गिरमिट उचललं. "मुठींसाठी भोकं पाडू?"

"खबरदार! श्वास घेणाऱ्याला भोकं पाडतोस?"

"मग खण उघडायचा कसा?"

"दुसरा बंद करून, गाढवा," ती म्हणाली. पण चर्चमध्ये बोलावं तितक्या हळू.