तंबूवाल्याचा खंजीर

मी खंजीर बोलतोय. लगेच मागे सरकू नका. माझ्या पात्याला आजवर रक्त लागलंय ते फक्त माझ्या मालकांच्या बोटांचं, आणि तेही त्यांनी घाई केली म्हणून.

जन्म मात्र माझा लढाईसाठीच झाला. एका मोठ्या युद्धाच्या काळात, सतत धडधडणाऱ्या कारखान्यात, माझ्यासारखे शेकडो एकाच दिवशी निघाले. दोन्ही बाजूंना धार, सुईसारखं टोक, पितळी मूठ आणि मुठीखाली ठोकलेला नंबर. पेटीत शेजारी शेजारी पडून आम्ही काय फुशारक्या मारायचो. कोण सेनापतीच्या कमरेला बसणार, कोण किल्ला घेणार. त्यात मी सगळ्यात पुढे.

पोचलो कुठे, तर छावणीच्या कोठारात. तिथल्या कारकुनाला दुधाच्या डब्यांचं खोकं उघडायचं होतं. पहार सापडेना, म्हणून त्याने मला फटीत घातलं आणि जोर लावला. माझं टोक मोडलं. डबे निघाले, सगळ्यांनी मजेत चहा प्यायला, आणि मला मोडीत काढलं. मोडीत काढताना नंबरावर छिन्नीने दोन आडव्या रेघा मारतात. तशा माझ्यावर मारल्या. माझं युद्ध संपलं, जेमतेम पाच मिनिटांत.

मोडीच्या पेटीतून मला उचललं आजोबांनी. तेव्हा ते कुणाचे आजोबा नव्हते. विशीतला पोरगा होता तो, पलटणीचे तंबू शिवायचा. कापड फाटू नये म्हणून त्याने माझं मोडकं टोक घासून गोल केलं. एका बाजूची धार मुठीपासून दोन बोटांपर्यंत मारून बोथट केली, अंगठा टेकायला. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मग शिवण उसवताना मी असा जायचो की कापडाला पत्ताच लागायचा नाही.

युद्ध संपलं. आजोबांनी खुर्च्या-सोफे मढवायचं दुकान काढलं. त्यांच्या मुलाने एकदा विचारलं, "बाबा, हा कुठला?" आजोबांच्या ओठांत खिळे होते. या धंद्यात माणसं खिळे ओठांत धरून काम करतात, त्यामुळे बोलणं कमीच. ते म्हणाले, "लढाईतला." तेवढ्या एका शब्दावर त्या पोराने शाळेत आख्खी लढाई उभी केली. शत्रूचा अधिकारी, झटापट, आणि आजोबांनी हिसकावून घेतलेला खंजीर. पुरावाही तयार होता. माझ्या मुठीखाली एक तपकिरी खूण होती, वर तीन टोकं असलेली. तो म्हणे शत्रूच्या राजाचा मुकुट. घरात माझं पातं रोज पुसायचे, पण तेवढ्या जागेला कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही.

तो मुलगाही म्हातारा होऊन गेला. दुकान आलं त्याच्या मुलीकडे. तिला सगळे ताई म्हणतात. पन्नाशीची, दणकट, जिभेला माझ्यापेक्षा जास्त धार. ती मला 'म्हातारा' म्हणते. "म्हातारा कुठाय?" असं ओरडली की मी सापडेपर्यंत दुकानात कुणाला चैन नाही.

तिचा धाकटा भाऊ मोठ्या ऑफिसात आहे. त्याला ती साहेब म्हणते, आणि ते कौतुकाने नव्हे. एका सकाळी साहेब दुकानात आले ते काचेची चौकट घेऊन.

"ताई, म्हाताऱ्याला न्यायला आलोय. रविवारी ऑफिसची मंडळी नवं घर बघायला येतायत. दिवाणखान्यात लावायचाय."

"या खुर्च्या दिसतायत का तुला? नाट्यगृहाच्या आहेत, एकशे वीस. सदुसष्ट अजून उसवायच्यात. नाटक काय लोकांनी उभ्याने बघायचं?"

"बाजारात कटर मिळतात की."

"मिळतात. त्याने कापड फाटतं. जुनं कापड सबंध निघालं तरच त्यावरून नवं बेतता येतं. आजोबांच्या दुकानात वाढलास आणि एवढं माहीत नाही?"

"अगं, पण ही घराण्याची वस्तू आहे. उद्या नाव मीच चालवणार ना?"

"नाव तू चालव. दुकान मी चालवतेय."

साहेब खुर्चीवर बसायला गेले, तिला सीट नव्हती, उठले. मग म्हणाले, "मी एका जाणकाराला बोलावलंय. फौजेच्या कोठारात तीस वर्षं काढलीत त्यांनी. हा खरंच शत्रूच्या अधिकाऱ्याचा निघाला तर माझ्याकडे येणार. नाही निघाला तर तुझा."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मुकुटावर तिचाही विश्वास होता ना. "बरं," ती म्हणाली. "पण शब्द फिरवायचा नाही."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं वेडे, मी कुणाचा ते मला विचार. पण आमचं कोण ऐकतंय. पुढच्या दोन दिवसांत तिने माझ्याकडून चौतीस खुर्च्या उसवून घेतल्या. गाडी सुटायच्या आत सामान चढवावं तसं. मला कळलं, हिने मला मनातून सोडलंय. काचेमागे जाऊन बसायचं, कुणी हात लावायचा नाही, धार गेली तरी कुणाला कळायचं नाही. पातं गार पडलं माझं.

तिसऱ्या दिवशी ते जाणकार, म्हणजे कोठारकाका, आले. लहानखुरे, पांढऱ्या मिशांचे, खिशात भिंग. साहेबांनी मला त्यांच्यापुढे धरलं. "सर, आधी मुकुट बघा."

काकांनी भिंगातून बघितलं. मग वास घेतला. मग ताईला म्हणाले, "गरम पाणी आहे का?"

"मुकुटाला?" साहेब घाबरले.

"हो, अंघोळ घालू या त्याला."

ओल्या फडक्याने काका तिथे घासू लागले. मुकुटाचं पहिलं टोक विरघळलं, मग दुसरं. फडकं तपकिरी झालं. काकांनी ते ताईपुढे धरलं.

ताईने हुंगलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "अरे, हा तर सरस. लाकूड चिकटवायचा. तीन पिढ्या सरसाचा थेंब जपलाय रे आपण."

खाली माझा नंबर निघाला, दोन रेघांसकट. किती वर्षांनी त्याला वारा लागला. काका म्हणाले, "हा आपल्याच फौजेचा. आणि मोडीत काढलेला. आजोबा काय करायचे पलटणीत?"

"लढायचे," साहेब म्हणाले.

काकांनी माझ्या गोल टोकावरून बोट फिरवलं. "याने लढायचं म्हणजे शत्रूला गुदगुल्याच करायच्या. हे टोक कापडासाठी घासलंय. ही धार अंगठ्यासाठी मारलीय. तुमचे आजोबा तंबू शिवायचे, साहेब."

ताई जिंकली होती, पण टोमणा तिने गिळला. भावाचा चेहराच तसा झाला होता.

"म्हणजे ते लढलेच नाहीत," तो म्हणाला.

काका मला खाली ठेवून बसले. "तीस वर्षांत खंजीर खुपसायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. तंबूत मात्र रोज झोपलो. एकदा बर्फात आमचा तंबू फाटला, आत आम्ही अकरा जण. एकाने बाहेर जाऊन शिवला. हातमोज्यात सुई धरता येत नाही, म्हणून ते काढून शिवला. थंडीने त्याची दोन बोटं गेली. आम्ही अकराही जण घरी आलो. आता तो लढला की नाही, ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी कोट काढला, खुर्च्यांच्या ढिगावर टाकला आणि म्हणाले, "ताई, उसवतात कसं ते दाखव जरा."

"घड्याळ काढ आधी, अडकेल," ताई म्हणाली.

एक खुर्ची उसवायला त्यांना पाऊण तास लागला. ताई तेवढ्यात पाच करते. पण कापड सबंध निघालं. ते दोन्ही हातांत धरून साहेब उजेडात बघत राहिले. जाताना मला त्यांनी स्वतः पुसून ताईच्या हातात दिलं.

सोमवारी ताईची भावजय आली आणि हसत सांगू लागली. "ताई, भिंतीला भोकं आधीच पाडली होती, म्हणून यांनी चौकट रिकामीच लावली. यांचे वरचे साहेब म्हणाले, यात काय असतं? हे म्हणाले, आमच्या आजोबांचा खंजीर. मग दिसत कसा नाही? तर हे म्हणतात, कामावर गेलाय. आणि मग तंबू कसा शिवतात ते सगळ्यांना अर्धा तास सांगत बसले. चहा गार झाला हो लोकांचा."

ताई वळली आणि उगाचच जोरजोरात खुर्च्यांच्या आत घालायचं किंतान झटकू लागली.

नाट्यगृहाच्या खुर्च्या वेळेत गेल्या. मी आता झिजून बोटभर रुंद उरलोय, अजून दहाएक वर्षं सहज निघतील. तुमच्याही कपाटात एखादी जुनी वस्तू मोठ्या नावाखाली गप्प पडली असेल. तिला एकदा गरम पाण्याने धुऊन बघा. मोठेपणा विरघळला तर विरघळू दे. खाली निघेल ते तुमच्या माणसाचं असेल. आणि जमलं तर तिला काम द्या, एवढंच मागणं.

येतो मी. दवाखान्याचा बाक उलटा करून ठेवलाय आणि ताईने मला घ्यायला न बघताच हात मागे केलाय.