दाराच्या उजवीकडची जागा

अकेयोने तिसरा खांबही उपटला आणि फाटकाकडे फेकला.

"कंबर मोडून घेशील," तिची नणंद आपोंदी बसल्या जागेवरून म्हणाली. "तो रोवणार, तू उपटणार. लग्न झाल्यापासून तुम्हा दोघांचं हेच चाललंय."

अकेयोचा नवरा ओगुतू फाटकापाशी गेला. खांब उचलून त्याने त्याच खड्ड्यात उभा केला आणि टाचेने माती दाबली.

"माझ्या पोराला औषध हवंय," अकेयो म्हणाली. "घर नकोय."

नियम

त्यांच्यात जाणता मुलगा स्वतःचं घर न बांधता वारला, तर त्याला कुंपणाबाहेर पुरतात. ज्याने बांधलं, त्याला त्याच्याच दाराशी, उजव्या हाताला. हे त्या आठवड्यात कोणीही बोललं नाही. आपोंदीसुद्धा नाही, आणि तिच्या तोंडाला तर फाटकच नव्हतं.

डॉक्टर

किसुमू शहरातल्या डॉक्टरांनी आधी सांगितलं की दुखणं अकेयोच्या मुलाच्या, ओदेरोच्या, रक्तात आहे. मग म्हणाले, तीन महिने. मग म्हणाले, घरी न्या.

खांब, पुन्हा

ओदेरो भिंतीला धरत स्वयंपाकघरातून बाहेर आला. उन्हातही टोपी कानापर्यंत ओढलेली.

"आई, मला हवंय घर."

"तुला?"

"सव्वीस वर्षांचा घोडा आईच्या चुलीपाशी झोपतो. मला मुलगी कोण देईल?"

आपोंदीने टाळी वाजवली. "आधी केस तरी येऊ देत! किसुमूभर डोकी भादरली, आणि आता न्हाव्याचाच गोटा झालाय."

"टकल्यांनाही बायका मिळतात, आत्या. काकांना नाही का तू मिळालीस?"

अकेयोला हसू आलं. मग तिने मुलाकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता; त्या तिसऱ्या खांबावर हात ठेवून, तो हलतो का ते बघत होता.

तिने कमरेच्या कापडाने तोंड पुसलं, डोक्यावर घागर घेतली आणि चिखलासाठी पाणी आणायला सरोवराकडे निघाली.

चिखल

लिंपण बायकांचं. तिने शेजारणींना बाहेरच्या भिंती दिल्या, आतल्या स्वतःकडे ठेवल्या. दोनदा लिंपल्या. खाट येणार होती तिथे, उशीच्या उंचीला, तिचा तळवा कितीतरी वेळ फिरत राहिला.

"खिडकी कुठे आहे?" तिने विचारलं.

"खिडकी कशाला? दोन-चार..." ओगुतू म्हणाला आणि थांबला.

चिखल तिच्या कोपरांवरून ओघळत होता. ती नुसती उभी राहिली.

त्याने कोयता घेतला आणि सरोवराच्या बाजूची भिंत कापायला लागला.

उरलेलं

उरलेली माती, उरलेले वासे, लाकडाच्या ढलप्या. ओगुतूने सगळं दाराच्या डावीकडे रचलं. एका शेजारणीने उजवीकडे टोपली ओतायला घेतली तर म्हणाला, "तिथे नको." का, ते तिने विचारलं नाही. ती जागा तो रोज सकाळी झाडून ठेवायचा.

चौथ्या दिवशी अकेयो कुदळ आणि रताळ्याच्या वेलांचा भारा घेऊन आली. दाराच्या उजवीकडे बसली आणि खणू लागली.

"तिथे..." ओगुतू म्हणाला.

"तिथे काय?"

तिने मान वर केली नाही. त्याच्या हातातला झाडू तसाच राहिला. अकेयोने एक वेल दाबला, दुसरा दाबला. चांगली दीड माणूस लांबीची जागा होती. सगळी भरली.

ओदेरो आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून बघत होता.

"रताळी कधी निघतील, आई?"

"चार महिन्यांनी."

त्याने मांडीवर तीन बोटं एकेक करून मिटली. चौथं तसंच राहिलं. त्या बोटाकडे त्याने जरा वेळ पाहिलं.

"पाण्याचा डबा माझ्या खाटेपाशी ठेव," तो म्हणाला. "सकाळचं पाणी मी घालेन."

दुपारी ओगुतू काटेरी फांद्यांचा भारा ओढत आला. दाराच्या उजवीकडे, वेलांच्या चारी बाजूंनी, त्याने एकेक फांदी रोवली. प्रत्येकीची माती टाचेने दाबली.



"शेळ्यांचा काही भरवसा नाही," तो म्हणाला.