लवूच्या हातातला दोर

मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, मालवणच्या किनाऱ्यावरचा, आणि आता जेमतेम चार हात उरलेला. हसू नका. एके काळी माझं एक टोक वाळूवर असायचं आणि दुसरं पार खोल पाण्यात, जाळ्याला.

मित्रांनो, माझा जन्म चिखलातला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत ठेवली, मग कोळीवाड्यातल्या बायकांनी ती बडवून काथ्या काढला आणि वळून वळून मला घडवलं. त्या बायकांत यमुनाबाई होती. तिचा नवरा समुद्रात गेला तो परतलाच नव्हता. घरात ती आणि तिचा एकुलता एक मुलगा लवू. लवू जन्मापासून मंद. मिसरूड फुटलं तरी त्याला सदऱ्याची बटणं लावता येत नसत.

मला रापणीसाठी घेतलं, ते साल त्रेपन्न. होडी मोठं जाळं समुद्रात टाकून येते आणि सगळा वाडा दोन्हीकडचे दोर धरून ते वाळूवर ओढतो, ती रापण. तिची एक रीत आहे. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा. मग तो म्हातारा असो, लंगडा असो, पाहुणा असो.

लवूला ओढणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभं करायचे. ओढून आलेला दोर वाळूवर गोल रचायचं काम त्याचं. काय रचायचा म्हणून सांगू! एक वेढा दुसऱ्यावर असा बसवायचा की होडीवाल्यांना पुन्हा हात लावावा लागत नसे. मला कुणी इतकं मायेनं हाताळलं नाही, हे मी आजही सांगतो. गणपत नावाचा एक कुरकुऱ्या एकदा म्हणाला, "खुळ्याक अर्धो वाटो पुरे."

रापणीचा म्होरक्या विठोबा शांतपणे म्हणाला, "दोराक हात लागलो, वाटो पुरो. खुळो नि शाणो दर्याक म्हायत नाय."

त्या वर्षांत मी खूप सुखात होतो. लवूही होता.

मग विशी उलटल्यावर त्याला दुसरं दुखणं लागलं. झोप उडाली. समुद्रातून कुणी हाका मारतंय म्हणून तो कान झाकून बसायचा, मध्येच ओरडायचा. एका सकाळी जाळं काठाशी आलेलं असताना त्यानं मला टाकलं आणि सरळ पाण्यात चालत निघाला. त्याला धरायला सगळ्यांनी दोर सोडले. माणूस वाचला, मासळी गेली. कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी रापणीला त्याला कुणी हाक घातली नाही. त्यानंतर कधीच नाही.

पुढे नायलॉनचे दोर आले आणि माझीही गरज संपली. तेव्हा विठोबानं माझा एक तुकडा कापला आणि यमुनाबाईच्या हातात दिला. "वैनी, ह्यो त्येच्या वळखीचो दोर. बांधलंस तरी घाबरूचो नाय." भल्या मनानं दिला हो. पण असली चूक भला माणूसच करतो.

माझं एक टोक लवूच्या कमरेला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधून ती एसटीनं त्याला दूरच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर बोलायला चांगले होते. म्हणाले, "बाई, हा जन्मापासून मंदबुद्धी आहे. तो काही आजार नव्हे. इथला सरकारी खर्च फक्त मनोरुग्णांसाठी मंजूर आहे. याला मंदबुद्धींच्या आश्रमात न्या."

ती आश्रमात गेली. तिथले साहेब म्हणाले, "याला वेडाचे झटके येतात. आमचं सरकारी अनुदान मंदबुद्धींपुरतंच. वेड्यांचं खातं वेगळं."

यमुनाबाईनं शहरी बोली जुळवत विचारलं, "मग साहेब, ह्याचं खातं कुठलं?"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तसं खातं नाही, बाई."

परतीच्या एसटीत ती लवूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "एकच दुखणा असता तर तुका कोणी तरी घेतल्यान असतो रे. दोन आसत म्हणान तू कोणाचोच नाय."

तिला मासळी विकायला बाजारात जावंच लागे. मग तिनं माझं एक टोक लवूच्या कमरेला ठेवून दुसरं पडवीतल्या खांबाला बांधलं. मला बघून लवू केवढा हसला! त्याला वाटलं, रापण लागली. दोन्ही हातांनी धरून तो ओढू लागला. दिवसभर ओढायचा, थांबून समुद्राकडे बघायचा, पुन्हा ओढायचा. जाळं काही येत नव्हतं. मला त्याच्याशी बोलता येत असतं तर सांगितलं असतं, बाबा रे, पलीकडे कोणी नाही. ती पडवी मला खायला उठायची.

एक दिवस यमुनाबाई थेट वाळूवर गेली आणि विठोबाला हाताला धरून घरी घेऊन आली. लवूचे सोलवटलेले तळवे दाखवून म्हणाली, "भावजी, दोराक हात आसा मां ह्येचो? मग वाटो खंय?"

विठोबानं त्याच संध्याकाळी रापणीत शब्द टाकला. दुसऱ्या दिवसापासून लवूचा पुरा वाटा घरी यायला लागला. गणपतच आणून द्यायचा. सरकारला जे खातं सापडलं नाही, ते रापणीला सापडलं. पण गणपत टोपली उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं न बघता निघून जायचा. लवू मला उचलून, तूही धर म्हणून, त्याच्यापुढे करायचा, ते त्याला कधी दिसलं नाही.

आता यमुनाबाई थकली आहे. बाजारातून आली की ती मला खांबावरून सोडते, ते टोक आपल्या हातात घेते आणि हळूच ओढते. पलीकडून ओढ लागली की लवू खुदकन हसतो. तेवढ्यापुरता मी पुन्हा रापणीचा दोर होतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या साहेब होईल, कोणी डॉक्टर, कोणी सरकारात बसेल. अशा माणसाला दोन दारांवरून परत पाठवू नका. त्याच्यासाठी खातं नसेल तर उघडा. आणि वाटा द्याल, तेव्हा उंबऱ्यावर ठेवून जाऊ नका. यमुनाबाईच्या मागे मला कायमचं खांबाला बांधतील, याची मला फार भीती वाटते. लवूनं त्याचं टोक धरलेलंच आहे. दुसरं तुमच्यापैकी कोणीतरी धरा.