आज मंगळवार आहे

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोन दारांची शर्यतीची गाडी आहे. म्हणजे अजून तरी आहे. माझं बॉनेट उघडलंत, तर आत इंजिन नाही, बर्चच्या झाडाची कुजकी पानं दिसतील. गुरुवारी भंगाराचा ट्रक येणार, म्हणून घाईनं सांगते.

जन्मले कारखान्यात, पण मला घडवलं ताइस्तोनं, काउहायोकी गावाजवळच्या त्याच्या गोठ्यालगतच्या शेडमध्ये. माझं इंजिन लहानसं. त्याला त्यानं बोट लावलं नाही. स्प्रिंगा मात्र तीनदा बदलल्या, ब्रेक नवे बसवले, हिवाळाभर माझं वजन उतरवत बसला. वळणावर मी मांजरीसारखी वळायची.

आमच्याकडच्या गावठी शर्यतींचा एक नियम आहे. शर्यत संपली की कोणीही चिठ्ठी टाकून कुठलीही गाडी ठरलेल्या किमतीला मागू शकतो. चिठ्ठ्या जास्त आल्या तर सोडत. मालकानं नकार दिला तर त्याचा परवाना जातो. कोणी गाडीत फार पैसा नि जीव ओतू नये, यासाठी हे. ताइस्तोनं ओतला, आणि मला तिसऱ्या नंबरात लपवून ठेवलं.

"तिसरीला कोण मागतंय?" तो लेकीला, सुवीला, म्हणायचा. "सरळ रस्त्यावर जाऊ दे त्यांना पुढे. आणि चिठ्ठी आलीच, तर नाही म्हणायचं नाही. आपण तसले लोक नाही."

बारा वर्षं मी तिसरी आले. वसंतात ताइस्तो गेला.

दफनानंतरच्या कॉफीला काउकोकाका बोललाच, "बिचारा तिसरा म्हणूनच गेला. अगं, त्या गाडीपेक्षा माझं गवत कापायचं यंत्र बरं!"

सुवीनं कप खाली ठेवला. "बाबांची गाडी एकदा तरी पहिली आली पाहिजे, काका. नवे टायर घालू?"

"टायर, स्प्रिंगा कोणाला दिसतात, पोरी? इंजिन सगळ्यांना ऐकू येतं."

दोघांनी अपघातात मोडलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं. ते मावेना, म्हणून मला आतून कापलं. माझं लहान इंजिन सुवीनं ताइस्तोच्या लोकरी शर्टात गुंडाळून शेडमध्ये ठेवलं. माझं नाक जड झालं. वळणावर मी सरळच जायला लागले, ब्रेक धापा टाकू लागले. चाचणीत एकदा कशीबशी थांबले, तेव्हा स्टिअरिंगवर कपाळ टेकून सुवी म्हणाली, "चुकलं गं माझं." पण शर्यत तोंडावर आली होती.

पहिली आले मी. वळणांवर मागे पडले, पण सरळ रस्त्यावर नव्या इंजिनाच्या जोरानं दुसरीला धूळ चारून. कर्ण्यावरून ताइस्तोचं नाव घेतलं गेलं आणि काउकोकाका सॉसेज हातात धरून हमसून रडला.

मग अकरा चिठ्ठ्या निघाल्या. सोडतीत मी रेयो नावाच्या एका शर्यतवाल्याला लागले.

"नकार दे," काका कुजबुजला. "गेला परवाना तर गेला!"

सुवीनं माझ्या छपरावर हात ठेवला. मग तिनं किल्ली रेयोच्या हातात दिली. "स्प्रिंगा बाबांच्या आहेत. त्या बदलू नका."

"मला स्प्रिंगा काय करायच्यात?" रेयो म्हणाला. खरंच बोलला. दोन दिवसांत इंजिन काढून घेतलं आणि मला बर्चखाली ढकललं.

काल तो शेजाऱ्याला सांगत होता, "ती पोरगी अजून प्रत्येक शर्यतीला येते रे, खिशात चिठ्ठी घेऊन. विचारते, लाल गाडी शर्यतीत कधी उतरवणार? मी म्हणतो, बघू. गाडी भंगारात चाललीय, हे आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मित्रांनो, तिला कोणीतरी सांगा! शर्यतीत मी दिसणार नाही. चिठ्ठी नको, सोडत नको, तिनं फक्त इथे यावं. मला जोर नको. माझं लहान इंजिन शर्टात गुंडाळलेलं आहे, त्याची जागा कापली आहे, पण लोखंड सांधता येतं. आणि जे जपायचं असतं, त्याला पहिलं यायला लावू नका रे.

आज पहाटे पहिलं बर्फ पडलं. वीतभर साठलं माझ्या छपरावर. तरी मी तसूभर कलले नाही. ताइस्तोच्या स्प्रिंगा आहेत या.

ऐकताय ना? आज मंगळवार आहे.