बोटभर आखूड

बसचालकाचा उजवा पाय आमच्या डोळ्यांदेखत बोटभर वाढला, आणि चाहते मंडळाच्या खोलीत असा जल्लोष झाला की खालच्या टायरवाल्याला वाटलं, गोलच झाला.

“वाढला! मी स्वतः बघितला!” टपालकाका खुर्चीवर चढून ओरडले.

बसचालक उठला, कमरेत वाकला आणि त्याने बोटं जमिनीला टेकवली. “तीन वर्षांत पहिल्यांदा!” म्हणताना त्याचे डोळे भरून आले. आदल्याच आठवड्यात तो पलंगाखाली वाकून चष्मा शोधत होता, हे त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं.

टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली. तीस खुर्च्या, साठ माणसं आणि भिंतीवर टपालकाकांच्या हस्ताक्षरातला गुणतक्ता. हंगामाचा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी होता. आम्ही पाचवे, आणि प्लेऑफला जाणार पहिले चार. जिंकलो तर आत, बरोबरी झाली तर घरी. तक्त्याशेजारी जखमींची यादी टांगलेली. गोलकीपरचा खांदा, कर्णधाराची मांडी, दोन बचावपटूंचे घोटे. सगळ्यात खाली लाल शाईत: नऊ नंबर, डावा गुडघा.

नऊ नंबर म्हणजे माझा भाचा. वय बावीस. हंगामातले एकोणीस गोल त्याचे. तीन आठवड्यांपूर्वी पळता पळता वळला आणि गुडघा पिरगळला. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, “आतला एक दोर निम्म्याहून जास्त फाटलाय. हा हंगाम विसर. हट्टाने खेळलास आणि उरलेला तुटला, तर पुढचेही विसरावे लागतील.”

हे ऐकायला कोणालाच आवडलं नाही. म्हणून मंडळाने हातवाले दादा शोधून आणले.

दादा दिसायला भारदस्त, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. औषध नाही, तेल नाही, यंत्र नाही. नुसता हात. माणसाला खुर्चीत बसवायचं, पाय समोर सरळ करायला लावायचे, दोन्ही टाचा एका तळव्यावर घेऊन उचलायच्या. बघतो तर काय, एक पाय आखूड! मग डोळे मिटून पुटपुटायचं आणि आखूड पाय हळूहळू लांबवायचा.

“दुखणं गुडघ्यात नसतंच,” दादा सांगत होते. “दुखणं असतं लांबीत! शरीर ही सतार आहे. एक तार ढिली, की सगळा सूर गेला. डॉक्टर सूर ऐकत नाहीत, फोटो काढतात.”

“वा!” टपालकाका म्हणाले. घरात त्यांच्या रेडिओचाही सूर धड लागत नाही.

“आणि बूट काढायचे नाहीत,” दादांनी बजावलं. “पाय उघडा पडला की ऊर्जा जमिनीत उतरते. फक्त लेस जरा सैल करा. घोट्याला श्वास घेऊ द्या.”

इथे माझे कान टवकारले.

मैदानामागच्या गल्लीत माझं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा अर्धवट सुटली, पण पंचवीस वर्षं लोकांच्या टाचा वाचतेय. कोण घाईत चालतो, कोण एका खांद्यावर ओझं वाहतो, कोण पाय ओढतो, सगळं टाचेवर लिहिलेलं असतं. ज्याचा एक पाय खरंच आखूड, त्याच्या दोन टाचा कधीच सारख्या झिजत नाहीत. मी अशा तिघांच्या बुटांना आतून पट्टी लावून देते. बसचालक त्यांत नाही. त्याच्या दोन्ही टाचा मागच्याच महिन्यात बदलल्या होत्या, जुळ्या भावंडांसारख्या झिजलेल्या.

मग हा पाय आला कुठून आखूड?

दादांनी आणखी दोघांचे पाय वाढवले. दोघंही माझी गिऱ्हाइकं, दोघांच्याही टाचा सारख्या. गोलकीपरने उठून खांदा गरागरा फिरवला. टाळ्या. तीन आठवडे सक्तीची विश्रांती घेतल्यावर खांदा फिरणारच, पण विश्रांतीसाठी कोण टाळ्या वाजवतं?

“आता नऊ नंबर!” कोणीतरी ओरडलं, आणि साठ माणसांनी भाच्याच्या नावाची घोषणा सुरू केली.

तो माझ्याजवळून जाताना मी त्याची बाही धरली. “अरे, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“मावशी, सकाळी दादांनी एकट्याला हात लावला. मी बोळात पळून आलो. दुखलं नाही गं!”

“सरळ पळालास ना? वळलास का?”

“तू पण ना!” तो हसला. त्या हसण्याला मी त्याच्या लहानपणापासून भुलत आले आहे. “दादा म्हणतात, आज पाय जुळला की उद्या नव्वद मिनिटं खेळ. आमचा संघ कधी गेलाय का प्लेऑफला? सगळे बघतायत माझ्याकडे.”

खरंच बघत होते. बसचालक तर असा बघत होता जणू पोटचा मुलगाच खुर्चीत बसतोय. वाईट कोणीच नव्हतं त्या खोलीत. फक्त सगळ्यांना एकच गोष्ट इतकी हवी होती, की त्यासाठी एका पोराचा गुडघा पणाला लागलाय, हे कोणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

मी पदर खोचला आणि पुढे झाले. “दादा, एक विनंती. भाच्याच्या बुटांना चिखल लागलाय. तुमच्यासारख्यांच्या हातात कसे द्यायचे? पुसून देते.”

“भाव महत्त्वाचा, ताई,” दादा प्रसन्न झाले. “पुसा.”

मी खाली बसले. बूट काळे, मोजे काळे. टाच बुटात नीट बसते का हे पाहायला आम्ही एक साधी युक्ती करतो. बुटाच्या काठावरून मोज्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढायची आणि गिऱ्हाइकाला चार पावलं चालवायचं. रेघ अखंड राहिली तर बूट पायाला धरून आहे. रेघ तुटली तर टाच निसटतेय. पुसता पुसता मी कमरेच्या पिशवीतला खडू काढला आणि दोन्ही बुटांच्या बाहेरच्या अंगाला एकेक रेघ ओढली. दादा समोर बसणार, त्यांना दिसणार तळवे. बाजू दिसणार बाजूच्यांना.

उठून टपालकाकांना म्हटलं, “काका, तुम्ही इकडे उजवीकडे उभे राहा. तुमची नजर पक्की. रेघ बघत राहा.”

“कसली रेघ?”

“पत्त्यावरचा नंबर वाचता तशी वाचा. बाकी काही नको.”

दादांनी लेस सैल केल्या, टाचा उचलल्या, पाय किंचित एका बाजूला नेले आणि मान हलवली. “अरेरे! बघा, डावा केवढा आखूड! या पायावर एकोणीस गोल मारले? पोरगा नव्हे, वाघ आहे!”

खोली हळहळली. डावा बूट खरंच बोटभर मागे दिसत होता.

“काका,” मी विचारलं, “डाव्या बुटावरची रेघ?”

काका डाव्या अंगाला जाऊन वाकले. “अखंड आहे की.”

“आणि उजव्या?”

टपालकाका परत उजवीकडे येऊन वाकले. चष्मा वर केला, खाली केला. “उजवी तुटलीय. मोज्यावरची रेघ एकीकडे, बुटावरची दुसरीकडे. मध्ये बोटभर जागा.” ते थांबले. “म्हणजे बूट... बाहेर ओढलाय?”

“डावा पाय आखूड नाही,” मी मोठ्याने म्हटलं. “उजवा बूट टाचेतून बोटभर बाहेर काढलाय. आता दादा पुटपुटतील आणि अंगठ्याने तो हळूच आत ढकलतील. दोन्ही तळवे जुळतील, आणि तुम्ही म्हणाल डावा वाढला. लेस सैल का हव्यात? बूट का काढायचे नाहीत? दादा, आता अनवाणी पायावर करून दाखवा. मी पहिली पाया पडेन.”

दादांनी हात झटकले. “शंकेखोर बाई खोलीत असली की ऊर्जा उलटते!”

“ऊर्जा उलटेल हो, पण बूट कसा निसटतो?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि पहिलं हसू फुटलं. दादांनी बाह्या खाली केल्या, आपल्यावर अविश्वास दाखवणाऱ्या गावांची दोन-तीन उदाहरणं दिली, त्या गावांचे संघ कसे रसातळाला गेले ते सांगितलं आणि जिना उतरले.

भाचा खुर्चीतच होता. “पण मावशी, सकाळी दुखलं नाही ते?”

“अरे, गिऱ्हाईक भांडत असलं की माझ्या बोटात चामडं टोचायची आर जाते, तेव्हा कळत नाही. भांडण संपल्यावर रक्त दिसतं. म्हणून काय जखम झालीच नव्हती?”

डॉक्टरीणबाईंना मी आधीच फोन केला होता. त्या आल्या, भाच्याला टेबलावर निजवलं, बूट-मोजे काढले आणि आधी उजवा गुडघा वाकवून नडगी पुढे ओढली. ती थोडी हलून खट्कन थांबली. मग डावी ओढली. ती थांबेचना, कपाटाच्या सैल खणासारखी पुढे सरकत आली.

“पाहिलंत?” त्या म्हणाल्या. “इथे खरंच बोटभर वाढतंय. आणि हेच वाढायला नको आहे.”

भाच्याने तोंड दुसरीकडे वळवलं. टपालकाकांनी यादीजवळ जाऊन लाल अक्षरांपुढे लिहिलं, ‘खेळणार नाही’.

बसचालक माझ्याजवळ आला. “बाई, एक दिवस गप्प बसता आलं नसतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “पोरगा माझा आहे.”

रविवारी एक-एक अशी बरोबरी झाली. प्लेऑफ हुकला. बसचालक अजून माझ्याशी बोलत नाही, टाचा दुसरीकडे बदलून घेतो. भाच्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रोज सकाळी तो खुर्चीत बसून पाय वर-खाली करतो, मोजतो आणि कंटाळतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट केलंस तर पुढच्या वर्षी मैदानात दिसशील. नक्की दिसशील असं त्या म्हणत नाहीत. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

ऐकलंय, हातवाले दादा आता दुसऱ्या कुठल्याशा संघाच्या चाहत्यांकडे आहेत. हंगाम तिथेही संपत आलाय, यादी तिथेही लांब आहे. तुमच्या खोलीत ते आले, तर भांडू नका, शिव्या देऊ नका. समोरून टाळ्या वाजवणाऱ्यांतून उठा आणि बाजूला जाऊन उभे राहा. आणि पाय मोजण्याआधी बूट काढायला सांगा.